अनार्किस्टचा घाट

कॅनडात वाळवंट आहे म्हटल्यावर दादा नुसते हसले. एप्रिलात कॅल्गरीला आल्यापासून त्यांनी दोनदा बर्फ पाहिला होता. त्यांचा तरी काय दोष!

2019 च्या जुलैमध्ये आम्ही सहकुटुंब व्हॅन्कुव्हरला निघालो. नेहमीचा ट्रान्स-कॅनडा सोडून यंदा दक्षिणेचा क्रोजनेस्ट, म्हणजे हायवे 3 धरला. अमेरिकेच्या सीमेच्या कडेकडेने जाणारा हा रस्ता घाटामागून घाट ओलांडतो. शेजारी सौ., मागे दोन मुले आणि त्यांच्या मधोमध दादा, आमचे वडील. एस.टी.त तीस वर्षे ड्रायव्हर, त्यातली निम्मी कराड-चिपळूणच्या कुंभार्ली घाटात. पण इथे आल्यापासून "दादा, तुम्ही आराम करा" याखेरीज आम्ही त्यांना दुसरे काही सांगितले नव्हते.

कॅसलगारचा मुक्काम हलवून दुपारी रॉक क्रीक सोडले आणि अनार्किस्ट पर्वताचा चढ लागला. रिचर्ड सिडली नावाच्या सुरुवातीच्या वसाहतकाराच्या जहाल मतांवरून हे नाव पडले म्हणतात. माथा 1233 मीटरवर. तिथून ओसोयुसचे तळे साडेनऊशे मीटर खाली. आणि उतार असा की एक वळण संपते न संपते तोच दुसरे दत्त म्हणून उभे!

देखावा मात्र विलक्षण. पाइनची झाडी विरत गेली, पिवळे डोंगर उघडे पडले आणि खाली निळेशार तळे, काठाने द्राक्षमळे. सौ. फोटो काढायचे विसरून दाराची मूठ धरून बसली होती. "हळू, हळू" चालू होते, आणि आमचा पाय ब्रेकवर. तो काही निघेना. मागे एक ट्रक लागलेला. चार वळणांनंतर जळका वास आला. पाचव्याला ब्रेकचे पेडल मऊ लागले. आमच्या घशाला कोरड पडली.

"गिअर खाली घे," मागून शांत आवाज आला.

"दादा, ऑटोमॅटिक आहे."

"मग काय झालं? गिअर असतील ना तिला? घे खाली!"

लिव्हर ओढून गाडी दुसऱ्या गिअरवर आणली. इंजिन गुरगुरले आणि गाडीने मान टाकली. वाटेत तळे बघण्यासाठी थांबायची जागा आहे, तिथवर कसेबसे पोचलो. चाकांतून धूर येत होता. आम्ही पाण्याची बाटली उघडली तर दादांनी हात धरला. "तापल्या लोखंडावर गार पाणी? निवू दे आपोआप."

अर्धा तास बसलो. मनातल्या मनात हिशेब केला: दोन टनांची भरलेली गाडी साडेनऊशे मीटर उतरते, म्हणजे पाच युनिटांवर ऊर्जा. दीड किलोवॉटचा हीटर तीन तासांहून अधिक चालेल एवढी! ती आम्ही चार डिस्कांत कोंबत होतो. मास्टर्सला उष्णतावहन हाच आमचा विषय होता. दादा सातवी पास. ते म्हणाले, "गाडी गिअरनं उतरवायची. ब्रेक थांबायला असतो."

ते तोवर कठड्यापाशी वाकून काहीतरी पाहत होते. निवडुंग! "अरे, हा तर आपला माणदेश!" खरेच होते ते. समुद्रावरचे ढग कास्केड पर्वतावर रिते होतात आणि पलीकडच्या ओसोयुसला वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस उरतो. महाबळेश्वरला धो धो आणि दहिवडीला टँकर, त्यातलीच गत. शास्त्रज्ञ याला वाळवंट न म्हणता अर्धशुष्क झुडपांचा प्रदेश म्हणतात. वाळूच्या टेकड्या नाहीत, सेजब्रशची झुडपे आहेत, आणि रॅटलस्नेकही. हे ऐकल्यावर सौ.ने मुलांना गाडीत कोंबले.

गावात उतरलो तेव्हा पारा 36 वर होता. एका पंजाबी कुटुंबाच्या बागेतल्या चेरी घेतल्या. मालकांचे आणि दादांचे मोडक्या हिंदीत पाऊसपाण्यावर पाऊण तास चालले. इतके बोललेले दादा आम्ही तीन महिन्यांत पाहिले नव्हते.

2021 च्या जुलैत याच डोंगराला वणवा लागला. बातमी ऐकून दादांनी दहिवडीहून फोन केला, "आपला घाट ठीक आहे ना?"

'आपला' म्हणाले. कारण त्या दिवशी ओसोयुसहून रिक्टर पासकडे निघताना सौ. आपण होऊन मागे मुलांमध्ये बसली होती, आणि दादा पुढे, आमच्या शेजारी.