पावडर कशात कालवता?

व्यायामानंतर प्रोटीन शेक प्यायले की तासाभरात माझे पोट फुगायला लागायचे. आधी गुडगुड, मग कळा आणि शेवटी शौचाला धाव. शाळेत फळ्यासमोर उभे राहून शिकवताना हे सोसणे फार अवघड होते. चाळिशी ओलांडल्यावर स्नायू आणि हाडे टिकावीत म्हणून वजने उचलायला सुरुवात केली होती. व्यायाम मानवत होता, शेक नाही.

जिममध्ये सगळ्यांचे निदान एकच. "ताई, पावडर डुप्लिकेट असणार."

दुधावर संशय कोणालाच आला नाही. कोल्हापुरात तो येणार तरी कसा? गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळतात आणि फेसाळता पेला हातात देतात. तालमीतल्या पैलवानाचा खुराक दुधाशिवाय पुरा होत नाही. अशा गावात दूध पचत नाही म्हणणे अनेकांना कमीपणाचे वाटते.

आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "पावडर कशात कालवता?" मी म्हटले, "मोठा पेलाभर दुधात." मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. दुधात सुमारे ५ टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. ३०० मिलिलिटर दुधातून ती १५ ग्रॅमच्या घरात जाते. माझी पावडर म्हणजे व्हे कॉन्सन्ट्रेट; तिच्या ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये ती साधारण दीड-दोन ग्रॅम. लॅक्टोज नीट न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. माझा शेक ती मर्यादा ओलांडत होता, आणि त्यात मोठा वाटा दुधाचा होता. चहातले थोडेसे दूध किंवा जेवणातले दही का बाधत नव्हते, हेही तेव्हा उलगडले. दही लागताना त्यातले काही लॅक्टोज जिवाणू आधीच संपवतात.

लॅक्टोज फोडण्याचे काम लहान आतड्याच्या अस्तरातले लॅक्टेज हे विकर करते. तान्हेपणी ते भरपूर असते; जगातल्या बहुसंख्य माणसांत वाढत्या वयाबरोबर ते कमी होत जाते. भारतात मोठेपणीही लॅक्टेज टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण वायव्येकडे जास्त, तर दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी आढळते. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरते, तिथे पाणी ओढून घेते आणि जिवाणू ते आंबवून वायू तयार करतात. त्यातला काही हायड्रोजन रक्तावाटे फुप्फुसांत येतो. म्हणूनच लॅक्टोजचे द्रावण पाजून ठरावीक अंतराने श्वासातला हायड्रोजन मोजला की निदानाला आधार मिळतो. माझ्या चाचणीत तो वाढलेला निघाला.

पुढे जिममध्ये या विषयावर मोकळेपणाने बोलणे सुरू झाले आणि प्रत्येकाचे पोट वेगळी गोष्ट सांगू लागले. इंजिनिअरिंगला शिकणारा एक मुलगा आयसोलेट, म्हणजे व्हेचा अधिक शुद्ध प्रकार, वापरत होता, तेही पाण्यात. त्यात लॅक्टोज बहुधा एक टक्क्याहूनही कमी असते, तरी त्याला गॅस व्हायचा. डब्यावरची घटकांची यादी वाचली तर त्यात इन्युलिन आणि माल्टिटॉल होते. हे दोन्ही पदार्थ लहान आतड्यात पुरते पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यात आंबतात. त्याने वाटाण्याचे, बिनगोडाचे प्रोटीन घेतले आणि तक्रार थांबली. एका मुलीच्या अंगावर मात्र शेकनंतर पित्ताच्या गांधी उठायच्या. तिला डॉक्टरांकडे जायलाच हवे होते, कारण दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी ही निराळी गोष्ट आहे. तिथे आयसोलेटही चालत नाही, कारण व्हे हेच मुळी दुधाचे प्रथिन.

मी आता अर्धाच स्कूप आयसोलेट घेते, पाण्यात, आणि तोही फक्त व्यायामाच्या दिवशी. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या बाईला हे ५० ग्रॅम होतात. व्यायामामुळे मला थोडी जास्त लागतात, पण त्यातली बरीचशी आमटी, मटकीची उसळ, अंडी आणि दही यांतूनच मिळतात. शेकचा त्रास असलेल्या मैत्रिणींना मी एवढेच सुचवते, की एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी दुधाऐवजी पाणी, मग कॉन्सन्ट्रेटऐवजी आयसोलेट, मग गोडी आणणाऱ्या पदार्थांकडे बघा. दूध आणि शेक बंद करूनही जुलाब थांबले नाहीत, वजन उतरू लागले किंवा शौचातून रक्त गेले, तर डबे बदलत न बसता डॉक्टरांना गाठायला हवे.