लाटांमधलं पाणी

विंडसर्फिंगचा बोर्ड घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एक उंच लाट असते. हवाईतल्या माउई बेटावरची, होकिपाची, आणि तिच्या उतारावरून शीड घेऊन झेपावणारं कुणीतरी. ती लाट सुंदर आहे, यात वादच नाही. पण बोर्ड तिच्यासाठी निवडू नये, असं माझं मत आहे. तो निवडावा दोन लाटांच्या मधल्या पाण्यासाठी. लाटेवर माणूस असतो तो काही सेकंद. बाकीचा वेळ तिच्यापर्यंत पोचण्यात, तिच्यापासून परतण्यात आणि वाऱ्याचा अंदाज घेण्यात जातो. मुंबईच्या समुद्रात तर हा बाकीचा वेळ म्हणजेच जवळजवळ सगळा खेळ.

प्रत्येक बोर्डाच्या अंगावर तो ज्या पाण्यात घडला त्या पाण्याची खूण असते. होइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो मूळ विंडसर्फर १२ फूट लांब होता. लांबीच्या जोरावर तो हलक्या वाऱ्यातही पुढे सरकत राही. पुढे हा खेळ हवाईला रुजला आणि तिथल्या लाटांनी ती लांबी खाऊन टाकली. लाटेच्या अंगावर वळायचं तर आखूड बोर्ड हवा, कडा गोलसर हव्यात, तळाला पुढूनमागून बाक हवा. म्हणून आजचा लाटांचा बोर्ड सव्वादोन मीटरांच्या आसपास येऊन थांबला आहे. शर्यतीचे बोर्ड दुसऱ्याच वाटेने गेले. १९८२च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, त्यांत विंडग्लायडर हा लांबलचक बोर्ड होता. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकलाही तोच होता. म्हणजे कुठला बोर्ड चांगला, हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या पाण्यात, हे आधी सांगावं लागतं.

आपलं पाणी कसं आहे? गिरगाव चौपाटी बॅक बेच्या वरच्या टोकाला आहे, आणि या बेचं तोंड नैर्ऋत्येकडे. पश्चिमेला मलबार हिल, पूर्वेला मरीन ड्राइव्हचा बांध. पावसाळा सरला की दुपारी खारे वारे सुटतात, ते साधारण पश्चिम-वायव्येकडून. म्हणजे गिरगावला पोचणारा वारा टेकडी ओलांडून, वाळकेश्वरच्या उंच इमारतींच्या फटींतून आलेला असतो. अडथळ्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वारा विस्कटलेला राहतो, असा दर्यावर्दींचा ढोबळ हिशेब आहे. शंभर मीटर उंचीच्या इमारतीला तो लावला, तर एक-दोन किलोमीटर पाणी तिच्या छायेत येतं. तिथे शीड एका क्षणी हात खेचून घेतं आणि पुढच्या क्षणी लुळं पडतं. त्यात समुद्राकडून आत आलेली लाट मरीन ड्राइव्हच्या बांधावर आपटते. टेट्रापॉड तिचा बराच जोर खातात, सगळा नाही. उरलेला परत फिरतो आणि येणाऱ्या लाटांना तिरका छेद देतो. पाण्याला अशा वेळी एक दिशाच उरत नाही. जागच्या जागी ते टोकदार उसळतं आणि बसतं.

दादरला चित्र वेगळं. चैत्यभूमीच्या किनाऱ्याला पश्चिम मोकळी आहे, वारा कशालाही न अडता येतो, त्यामुळे तो बराच एकसारखा असतो. पण इथल्या माहीमच्या उपसागराच्या तळाला उतार फार कमी. ओहोटीला पाणी दूर जातं आणि उथळावर लाटा आखूड, उभ्या होतात. परळ-लालबागच्या पूर्वेला शिवडीकडे गेलं, तर ओहोटीला नुसता चिखल. रोहित पक्ष्यांना तो मानवतो, बोर्ड उतरवणाऱ्याला नाही. बंदराच्या खोल भागात भरतीचं पाणी उत्तरेकडे आत घुसतं आणि वारा वायव्येकडून त्याच्या तोंडावर येतो. वारा आणि ओढ समोरासमोर आली की लाटेची लांबी घटते, उभार वाढतो.

आपल्याकडे उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी पाच मीटरांच्या जवळपास चढते-उतरते. गिरगावात उभं राहिलेल्या कुणालाही हे पाणी काय करू शकतं ते माहीत आहे. २०२५ च्या गणेश विसर्जनाला लालबागच्या राजासाठी नवा यांत्रिक तराफा आणला होता. भरती आणि तराफा यांचा मेळ बसला नाही, मूर्ती तासन् तास पाण्यात राहिली आणि विसर्जन दुसऱ्या दिवशी रात्री झालं. साधन नवं होतं, माणसं जाणती होती, तरी वेळ पाण्यानेच ठरवली. एवढ्या मोठ्या तराफ्याला जे लागू, ते सात-आठ किलोच्या बोर्डाला कितीतरी अधिक लागू.

आता थोडा हिशेब. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची, तर तिच्या आवर्तनकाळाच्या सेकंदांचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणतात. दूरच्या वादळातून आलेली १२ सेकंदांची लाट सव्वादोनशे मीटर लांब भरते; बोर्डाला ती एक मोकळी टेकडी वाटते. वाऱ्याने जागेवर उठवलेली दोन सेकंदांची लाट जेमतेम सहा मीटरांची. सेकंदाला दहा मीटर वेगाने, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरने, तिला आडवं कापत निघालात, तर दर सेकंदाला एखाद-दुसरा तडाखा तळाला बसतो. हे सगळे तडाखे गुडघे आणि घोटे झेलतात. मोठ्या लाटेचं भय वाटतं, पण थकवतं ते हे बारीक पाणी.

म्हणून तळ बघावा. दुकानात बोर्ड उलटा करून सरळ पट्टी आडवी धरली, तर मध्यरेषेपासून दोन्ही कडांकडे पट्टीखाली फट दिसते की नाही ते कळतं. त्या फटीचा अर्थ तळ मधोमध खोल आणि कडांकडे उचललेला आहे, गलबताच्या तळासारखा. असा तळ तुटक लाटेला आधी मध्याने भेटतो, तिला दुभंगतो, मग हळूहळू कडांवर घेतो. सपाट तळ एकदम सगळा आपटतो. त्याबरोबर शेपूट अरुंद हवी, म्हणजे वेगात मागचा भाग हवेत फेकला जात नाही. कडा पुढच्या भागात मऊ हव्यात, कारण धारदार कड तिरक्या पाण्यात अडकते आणि माणूस शिडासकट पुढे भिरकावला जातो. ‘फ्रीवेव्ह’ नावाने मिळणाऱ्या बोर्डांत हे गुण एकत्र सापडतात. तळाचा बाक लाटांच्या बोर्डाहून कमी, शर्यतीच्या बोर्डाहून जास्त. माझा कौल या मधल्या घराण्याला आहे.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. मुंबईचा वारा बऱ्याचदा हलका, आणि हलक्या वाऱ्यात रुंद, सपाट बोर्डच लवकर उचलला जाऊन पाण्यावर घसरू लागतो. मग अरुंद शेपटीचा आग्रह कशाला? खरं आहे, रुंदीने बोर्ड लवकर उठतो. पण हलक्या वाऱ्याचं उत्तर रुंदीआधी तरंगशक्तीत शोधावं. एक लिटर आकारमान साधारण एक किलो पेलतं. माणूस ७० किलोचा, बोर्ड आणि शिडाचा सरंजाम मिळून आणखी १७-१८, म्हणजे ८८ लिटरचा बोर्ड त्याला नुसता बुडण्यापासून वाचवेल. विस्कटलेल्या वाऱ्यात मध्येच शीड लुळं पडलं तर उभ्याने परतता यायला हवं, म्हणून त्याने शंभर ते एकशे दहा लिटर घ्यावेत. लाटांचा ८० लिटरचा बोर्ड अशा वेळी गुडघ्यापर्यंत पाण्यात जातो आणि माणूस बांधाकडे वाहत जातो.

दुसरा आक्षेप पावसाळ्याचा: जूनपासून लाटा येतातच की! येतात. पण तेव्हा नैर्ऋत्येचा वारा थेट बॅक बेच्या तोंडातून आत येतो, म्हणजे माणसाला सरळ बांधाच्या दगडांवर लोटणारा. कोळीसुद्धा त्या काळात होड्या वर ओढून ठेवतात. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्या दिवसांत पाण्यात उतरूच नये, त्या दिवसांसाठी बोर्ड घेणं मला पटत नाही.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि मोहाचाही. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग फॉइलवर आलं. बोर्डाखालच्या दांड्याला पंख, आणि बोर्ड पाण्याच्या वर तरंगत जातो. तुटक लाटा खालून निघून जातात, तडाखेच नाहीत. हलक्या वाऱ्यातही चालतं. खोल, स्वच्छ पाणी असतं तर मी याच्याच बाजूने बोललो असतो. पण स्पर्धेच्या फॉइलचा दांडा ९५ सेंटीमीटर खोल जातो आणि गिरगाव, दादर दोन्ही किनारे उथळ. पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या, जाळ्यांचे तुकडे, अनंत चतुर्दशीनंतर बांबू आणि सुतळ्या. पंखाला एक पिशवी गुंडाळली की वेगात चाललेला बोर्ड जागीच बसतो.

उथळ पाण्याची हीच गोष्ट फिनला, म्हणजे बोर्डाच्या शेपटीखालच्या पात्याला, लागू आहे. एकाच लांब फिनऐवजी तीन आखूड फिन असलेला बोर्ड आपल्याकडे सोयीचा. उथळात वाळूला लागण्याचा धोका कमी, आणि बोर्ड उसळून खाली येताना पकड लवकर परत मिळते. वाऱ्याविरुद्ध चढताना थोडं नुकसान होतं, ते सोसावं. नवशिक्याला मात्र यातलं काहीच नको. त्याने दीडशे-दोनशे लिटरचा, मध्ये डॅगरबोर्ड (तळातून खाली सोडायचं पातं) असलेला रुंद बोर्ड भाड्याने घ्यावा, भरती चढत असताना दादरसारख्या मोकळ्या किनाऱ्यावर उतरावं, आणि स्वतःचा बोर्ड एक पूर्ण हंगाम झाल्यावरच विकत घ्यावा.