मोसेची दलदल, बियासूची कबर

सेंट ऑगस्टीन शहराच्या उत्तरेला तीनेक किलोमीटरवर लाकडी पायवाट खाऱ्या दलदलीत शिरते. समोर गवताच्या पलीकडे झाडांचं एक बेट. हेच फोर्ट मोसे. फ्लोरिडाच्या स्पॅनिश गव्हर्नराने 1738 मध्ये मुक्त कृष्णवर्णीयांना इथं गाव वसवून दिलं.

म्हणून स्पेनला उदार समजू नये. 1687 मध्ये इंग्रजांच्या कॅरोलिनातून आठ पुरुष, दोन बायका आणि एक तान्हं मूल होडीतून पळून आले. पाठोपाठ आणखी आले. 1693 मध्ये राजा दुसऱ्या कार्लोसने फर्मान काढलं: कॅथलिक व्हा, मुक्त व्हा. शत्रूचे मजूर घटणार आणि आपल्या सीमेवर जीव तोडून लढणारी माणसं फुकटात मिळणार! शहरात गुलामगिरी चालूच होती.

मोसेचा कप्तान फ्रान्सिस्को मेनेंदेस हा पश्चिम आफ्रिकेतल्या मांदिंगा जमातीचा. 1740 मध्ये इंग्रजांनी घेतलेली गढी परत जिंकली गेली, पण उद्ध्वस्त होऊन. पुढच्या वर्षी तो समुद्रात इंग्रजांच्या हाती सापडला, दोनशे फटके खाल्ले. तरी 1759 च्या खानेसुमारीत तो पुन्हा मोसेत आहे. गाव 22 घरांचं, माणसं 67. फ्लोरिडा 1763 मध्ये इंग्रजांकडे गेला आणि सगळे क्यूबाला निघाले.

पायवाटेवरून एकही थडगं दिसत नाही. ही माणसं सापडतात ती चर्चच्या वह्यांत. गुलामाचाही आत्मा तारायचा, म्हणून पाद्री त्याचा बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवत. शेजारच्या इंग्रज मळ्यांवर त्याची नोंद बहुधा मालमत्तेच्या यादीत व्हायची.

शहरातल्या तोलोमातो दफनभूमीतही माणूस सापडतो तो नोंदीतच. हैतीतल्या गुलामांच्या 1791 च्या उठावाचा सेनानी जॉर्ज बियासू इथं पुरला आहे. पुढे त्या क्रांतीचा नेता ठरलेला तूसाँ लूव्हेर्त्यूर सुरुवातीला त्याच्या हाताखाली होता. बियासू स्पेनच्या बाजूने लढला, फ्लोरिडा पुन्हा स्पेनकडे आल्यावर 1796 मध्ये इथं आला, कृष्णवर्णीय तुकडीचा प्रमुख झाला. त्याच्याकडेही गुलाम होते. नायक शोधणाऱ्यांनी हेही वाचावं. 1806 मध्ये लष्करी इतमामात त्याचं दफन झालं. नोंद आहे, नेमकी जागा मात्र सापडत नाही.

फाटक महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी उघडतं. इतर दिवशी कॉर्डोव्हा स्ट्रीटवर उभं राहून गजांतूनच बघावं लागतं.