दोष कोणाचा?

गेल्या उन्हाळ्यात काही कामानिमित्त आम्हांस हैदराबादेस जावे लागले. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीमुळे तेथे राहते. त्यांची नऊ वर्षांची कन्या फार वाळलेली दिसली. दोन महिन्यांपूर्वी तिला सारखी तहान लागू लागली, रात्री वरचेवर लघवीस उठावे लागे, आणि अंग झडत चालले. तपासणीत मधुमेह निघाला. तेव्हापासून रोज इन्सुलिनची सुई.

चहा देताना तिची आई हळूच म्हणाली, “फादर, नाताळात मीच तिला करंज्या भरवल्या. सासूबाई म्हणतात, तुझ्याच लाडानं पोर दुखण्याला लागली. माझ्या हातून काय पाप घडलं?”

आम्हांस लगेच उत्तर देता येईना. गोड खाण्याने मधुमेह होतो, एवढेच आम्हीही ऐकून होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मुलीच्या बापासह डॉक्टरांकडे गेलो. तेथे जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

मोठ्या माणसांत सर्रास आढळणारा मधुमेह निराळा, आणि हा ‘टाइप वन’ निराळा. जठरामागे स्वादुपिंड नावाचे इंद्रिय आहे. त्यातील काही पेशी इन्सुलिन तयार करतात. इन्सुलिनवाचून साखर रक्तातच साचते आणि शरीर उपाशी राहते. रोगजंतूंशी लढणारी शरीरातील संरक्षक शक्ती या रोगात ह्याच पेशींना शत्रू समजून त्यांचा नाश करते. राखणदारानेच धन्याचे शेत तुडवावे, तसा हा प्रकार. हा नाश कित्येक महिने, कधी कधी कित्येक वर्षे, गुपचूप चालतो. करंजी बिचारी निर्दोष आहे!

राखणदार का बिथरतो? काही अंशी हा कल उपजत असतो. हैदराबादच्याच सी.सी.एम.बी. संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाचे संशोधक यांनी पुण्याकडील रुग्णांची जनुके तपासली. युरोपियन लोकांतील या रोगाची काही आनुवंशिक चिन्हे आपल्या लोकांतही सापडतात, असे त्यांनी २०२० साली दाखवून दिले. तथापि बीज असले म्हणजे रोग होतोच असे नव्हे. हुबेहूब जुळ्यांपैकी एकास होऊनही दुसरा सुखरूप राहू शकतो. काही विषाणूंचा संसर्ग निमित्त होत असावा, असाही शास्त्रज्ञांचा कयास आहे. बहुतेक रुग्णांच्या आईबापांस तर हा रोग नसतोच.

संध्याकाळी हे सारे आम्ही त्या घरी सांगितले. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनीही ख्रिस्ताला पाप कोणाचे म्हणून विचारले होते. त्याने ना त्या मनुष्यावर दोष ठेवला, ना आईबापांवर. आईने पदराने डोळे पुसले.

आजी मात्र म्हणाल्या, “मग सुई किती दिवस? गावाहून पुडी आणली आहे, सुई थांबवून देऊन बघू.”

आम्ही निक्षून सांगितले, “आजी, मेलेल्या पेशी पुडीने उठत नाहीत. सुई थांबली तर थोड्याच दिवसांत पोर हातची जाईल. पूर्वी अशी मुले वाचत नसत. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोस एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याने इन्सुलिन टोचले, तेव्हापासून ती जगू लागली.”

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग उठल्या, उशाखालची पुडी काढली आणि आमच्या हाती दिली.

वाचकहो, आपल्या घरी मुलाला अशी तहान लागली, वजन घटू लागले, तर दोष कोणाचा हे शोधीत बसू नका. त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्या.