शत्रू क्रमांक एक

1952 साली मद्रास विधानसभेत काँग्रेसचं बहुमत हुकलं आणि समोर कम्युनिस्टांचा तगडा गट येऊन बसला. सरकार कसंबसं उभं करायला त्र्याहत्तर वर्षांच्या राजाजींना बोलावलं गेलं. निवडणूक न लढवता, विधान परिषदेच्या मागल्या दारानं ते मुख्यमंत्री झाले. त्यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. पण सभागृहात उभं राहून त्यांनी कम्युनिस्टांना तोंडावर सांगून टाकलं, की मी तुमचा शत्रू क्रमांक एक आहे आणि तुम्ही माझे.

सभ्य राजकीय वादाचा विषय निघाला की मला हा प्रसंग आठवतो. सभ्य म्हणजे गुळमुळीत, कुणालाच न दुखावणारं, अशी आपण समजूत करून घेतली आहे. राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, गुळमुळीत कधीच नव्हते. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगावर पांढरी खादी आणि जीभ सालेमच्या कोर्टात घासून निघालेली. धर्माचा धाक सुटला की समाज सैल होतो, सरकारच्या हाती फार सत्ता गेली की माणूस लाचार होतो, या दोन गोष्टींवर ते अखेरपर्यंत अडून होते. तरी त्यांना परंपरावादी म्हणून एका खणात बसवायला जावं तर ते बसत नाहीत. 1939 मध्ये अस्पृश्यांच्या देवळातल्या प्रवेशाला कायद्याचं पाठबळ दिलं ते यांच्याच आधीच्या सरकारनं. यांच्या मुलीनं, लक्ष्मीनं, जातीबाहेर लग्न केलं ते गांधीजींच्या मुलाशी, देवदासशी.

त्यांची पुष्कळ मतं मला पटत नाहीत. 1953 ची त्यांची शिक्षण योजनाच घ्या. शाळा कमी, मुलं जास्त. म्हणून प्राथमिक शाळा अर्धा वेळ करायची आणि उरलेल्या वेळात मुलानं घरचा धंदा शिकायचा. कागदावर हिशेब बरोबर होता. पण कुंभाराच्या पोरानं पुन्हा चाकच फिरवायचं आणि भटजीच्या पोरानं पोथीच वाचायची, हा त्याचा अर्थ तमिळनाडूत लहान पोरालाही कळला. इतक्या हुशार माणसाला तो कळू नये, याचं मला आजही नवल वाटतं. देव न मानणाऱ्या पेरियार रामस्वामींनी त्या योजनेविरुद्ध रान उठवलं. 1954 च्या एप्रिलमध्ये राजाजींना पायउतार व्हावं लागलं आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी आल्याबरोबर योजना गुंडाळली.

हेच पेरियार 1972 च्या डिसेंबरात राजाजींच्या अंत्यविधीला आले, त्र्याण्णव वर्षांचे, चाकाच्या खुर्चीत, आणि सगळ्यांसमोर रडले. आपल्याकडे अशा वेळी लगेच टिळक-आगरकरांचा दाखला निघतो. तो खरा असला तरी आता फार गुळगुळीत झाला आहे. मला पेरियार-राजाजींच्या मैत्रीचं मूळ अधिक लक्षात घेण्यासारखं वाटतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास राजाजी सालेम नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि पेरियार शेजारच्या ईरोडचे. देव आहे की नाही यावर हमरीतुमरी होण्याआधी दोघांनी एकमेकांचं गावकीचं काम पाहिलं होतं. पेरियारना काँग्रेसमध्ये ओढलं तेही राजाजींनीच. पुढे वाटा फुटल्या, पण समोरचा माणूस काय लायकीचा आहे हे दोघांनाही आधीपासून ठाऊक होतं. आज चॅनेलवर आठ मिनिटांसाठी शेजारशेजारच्या चौकटीत बसवलेल्या माणसांना ही ओळख कुठून असणार?

मुंबईनंही राजाजींना एकदा आपला हिसका दाखवला होता. 1942 मध्ये मुस्लिम लीगशी तडजोड करा, असं ते गावोगाव सांगत हिंडत होते. लोक खवळले होते. माटुंग्याच्या सभेत गोंधळ घालून त्यांच्यावर डांबर फेकण्यात आलं. राजाजी शांत राहिले. गांधीजींना राजाजींचं म्हणणं मुळीच मान्य नव्हतं. ज्या 'छोडो भारत'ची ते तयारी करत होते, त्याला राजाजींचा विरोध होता. तरी गांधीजींनी 'हरिजन'मधून कान उपटले ते दंगेखोरांचे. मत लोकांना आवडलं नाही म्हणून माणसाचा मान संपला का, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख होता. राजाजींच्या मताला मात्र त्यांनी तसूभरही जागा दिली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे आपल्याला पटेनासं झालं आहे.

नंतर आले नेहरू. 1959 च्या जानेवारीत नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसनं सहकारी शेतीचा ठराव केला आणि ऐंशी वर्षांच्या राजाजींनी नवा पक्षच काढला. ऑगस्टमध्ये मुंबईत स्वतंत्र पक्षाचं अधिवेशन भरलं. 'परमिट-लायसन्स राज' हा त्यांचा शब्दप्रयोग पुढे सगळ्यांनीच वापरला, डाव्यांनीसुद्धा. पक्षाच्या एकवीस तत्त्वांतलं शेवटचं तत्त्व वाचताना मजा वाटते: मूलभूत तत्त्वं सोडून इतर कुठल्याही बाबतीत सभासदाला वेगळं मत मांडण्याची पूर्ण मुभा. आजच्या पक्षांचे प्रतोद हे वाचून आजारी पडतील. 1967 ला लोकसभेत 44 जागा मिळाल्या, 1971 ला 8 उरल्या. या मुभेचा त्यात किती हात होता, हा वेगळा वाद आहे.

1964 च्या मेमध्ये नेहरू गेले. 'स्वराज्य' साप्ताहिकात राजाजींनी छोटा मजकूर लिहिला. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, देशाच्या दृष्टीनं अकरा पटींनी मोलाचा आणि लोकांचा अकराशे पटींनी लाडका, असा हिशेब त्यात मांडला होता. दहा वर्षं मी त्यांच्या धोरणांशी भांडलो, पण त्या चुका सुधारू शकणारा माणूसही तेच होते, हेही लिहिलं. धोरणं चुकली नव्हती, असं मात्र त्यात कुठे नाही. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ते 'स्वराज्य'मधलं आपलं सदर लिहीतच राहिले. परवाना राजावरचे फटकारे तेच, फक्त समोर आता लालबहादूर शास्त्री होते.