जमेल ते काम

आमवात असलेल्या माणसाची सकाळ उशिरा सुरू होते. उठल्यावर बराच वेळ बोटं वळत नाहीत, मनगटं सुजलेली असतात. आणि श्रमदान तर उन्हं वर यायच्या आत. 2016 साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या श्रमदानाच्या जलसंधारण स्पर्धेसाठी वरूड, कोरेगाव आणि आमचा अंबाजोगाई असे तीन तालुके निवडले होते. त्याच एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. घरात बसवेना.

माळावर पोचले, पण टिकाव काही उचलेना. एका बाईनं माझ्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुमी नळी धरा. खोदायचं आमी बघतो."

दोन काठ्यांना बांधलेली पारदर्शक नळी, आत पाणी. एकानं काठी जागेवर उभी धरायची. दुसऱ्यानं उतारावर सरकत सरकत दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्याच उंचीला दिसेल ती जागा शोधायची. तिथं फक्कीची खूण. खुणा जोडत गेलं की समतल रेषा मिळते, तिच्यावर चर खोदला की पाऊस जागेवर मुरतो. नळीत हवेचा एवढासा बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते, पाणी चराच्या एका टोकाला धावतं आणि भराव फोडून निघून जातं. सगळ्या गावाचा घाम त्या काठीच्या भरवशावर असतो. ती न हलवता धरायला धीर लागतो, आणि धीर मला आजारानं भरपूर दिला आहे.

मला नळी देणारी बाई नुकतीच ऊसतोडीवरून परतली होती. गर्भाशयाची पिशवी काढलेली. मधूनच कंबरेवर हात ठेवून उभी राहायची, पुन्हा पाटी उचलायची. माझं दुखणं तिनं एका नजरेत ओळखलं होतं. तिचं मात्र फडावर कोणी विचारलं नव्हतं.

तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, आणि अंगात ताप असो की पाळी, खाडा झाला की पैसे कापले जातात. मग कायमची कटकट नको म्हणून पिशवीच काढायची. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेला बीड जिल्ह्याचा आकडा असा: पाहणीतल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं. यांतल्या कितीतरी बायका चाळिशीच्याही आतल्या.

आजारी माणसाला झेपेल ते काम द्यावं, हे माझ्या तालुक्यातल्या बाईला कोणी शिकवावं लागलं नाही. तेवढंच शहाणपण फडावरही चालायला हवं. हंगामाआधी ऊसतोडीच्या टोळ्या ठरतात. मुकादमांना आणि कारखान्यांना माझी विनंती आहे: करार करतानाच आजारपणाच्या आणि पाळीच्या दिवसांचा खाडा धरणार नाही, हे कबूल करा.