ईम गांवची शीव

आमच्या घरीं प्लेगचें नांव निघालें कीं आजी १८९७ सालच्या पुण्याची हकीकत सांगे. ती तिनें आपल्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलेली. गोरे शिपाई पायताणांसह माजघरांत शिरले, रोग्यांस उचलून नेलें, धडधाकट माणसांनाहि छावणींत डांबलें. त्या संतापाची परिणति काय झाली हें सर्वांस विदितच आहे. त्यामुळें, ज्या गांवानें शिपायांवांचून स्वतःस कोंडून घेतलें, तें इंग्लंडांतील ईम डोळ्यांनीं पाहावें अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

डर्बीशायरच्या डोंगराळ मुलुखांत, शिशाच्या जुन्या खाणींच्या परिसरांत, दगडी घरांची ही लहानशी वस्ती आहे. चर्चच्या आवारांतील कोरींव क्रूस हजारांहून अधिक वर्षांचा. पण प्रवासी येतो तो प्लेगच्या खुणा पाहण्यासाठीं.

१६६५ सालीं लंडनांत प्लेगचा कहर चालू असतां तेथून ईमच्या शिंप्याकडे कापड आलें. तें दमट होतें म्हणून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज व्हिकर्सनें विस्तवापुढें वाळत घातलें, अशी परंपरागत कथा आहे. कापडांत पिसवा होत्या. सप्टेंबरांत व्हिकर्स गेला, मागोमाग शेजारपाजार. हिवाळ्यांत साथ मंदावली, ती पुढच्या उन्हाळ्यांत भडकली.

तेव्हां धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन ह्यानें लोकांस विनविलें कीं, कोणीं शीव ओलांडूं नये. तो तरुण आणि नवखा. लोकांचा विश्वास होता तो मतभेदामुळें पदच्युत झालेल्या टॉमस स्टॅन्लीवर. दोघे पंथभेद विसरून एकत्र उभे राहिले, म्हणूनच गांव वळलें असावें. चॅट्सवर्थच्या अर्लनें अन्नसामुग्री पाठविली. शिवेवरच्या दगडांतील खळग्यांत शिरका भरून त्यांत नाणीं टाकीत. शेजारचे लोक जिन्नस ठेवून दूर होत. चर्च बंद झालें, प्रार्थना उघड्या दरींत होऊं लागली. ज्याचें माणूस त्यानेंच पुरावें, असें ठरलें.

ह्या शेवटच्या नियमाचा अर्थ गांवाबाहेरच्या एका शेतांत कळतो. ऑगस्ट १६६६ मध्यें एलिझाबेथ हॅन्कॉक हिनें आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलें स्वतः पुरलीं. त्यांचे दगड आज एका वाटोळ्या भिंतीच्या आंत उभे आहेत. तेथें मला कांहीं वेळ बोलवेना.

मॉम्पेसननें आपलीं दोन मुलें मात्र आधींच यॉर्कशायरांत पाठविलीं होतीं. हें वाचून प्रथम मला राग आला. परंतु त्याची पत्नी कॅथरिन त्याला सोडून जावयास तयार झाली नाहीं, आणि त्याच ऑगस्टांत ती गेली. चर्चच्या आवारांत तिचें थडगें पाहिल्यावर राग टिकला नाहीं. नोव्हेंबरांत साथ संपली तोंवर सुमारें २६० माणसें मृत्युमुखीं पडलीं होतीं.

पुढें मॉम्पेसनची नेमणूक नॉटिंगहॅमशायरांतील ईक्रिंग गांवीं झाली. तेथील लोक त्याला इतके भ्याले कीं, आरंभीं त्याला गांवाबाहेर एका झोंपडींत राहावें लागलें, असें सांगतात.